पाचवी लेन

वासवी : दार लावून घ्या सर. मी आता ओरडणार आहे, आणि बाहेर पहिल्या वर्षाची मुलं बसलीत.

सीतापती : अगं, बहिणीचं लग्न लावून काल आलीस तू. चेहऱ्यावरची हळदसुद्धा गेली नाही. बस, पाणी पी.

वासवी : पाणी नको. अंजनेयुलुचा अहवाल कुणी केला?

सीतापती : कोण अंजनेयुलु?

वासवी : जगित्यालकडचा मुलगा. सात वर्षांचा. गुडघ्यावर हात टेकवून जिना चढतो. त्याच्या मांडीतून मांसाचा तुकडा काढून हॉस्पिटलनं आपल्याकडे पाठवला होता, स्नायू टिकवणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन आहे का बघायला. मी रजेवर जाताना सांगून गेले होते, मी येईपर्यंत त्याला हात लावू नका.

सीतापती : हां, तो. तो मी केला. स्वतः केला. हॉस्पिटलचे रोज फोन येत होते, तू हनमकोंड्यात मांडवाखाली. म्हटलं, किती वर्षांत जेल चालवलं नाही, हात विसरलाय का बघू. नाही विसरला. छान झालं.

वासवी : छान झालं?

सीतापती : फोटो बघ ना. निरोगी माणसाच्या लेनमध्ये डिस्ट्रोफिनची जाड काळी रेघ. शेजारी या मुलाची लेन, पांढरीफटक. इतका स्वच्छ निकाल रोज बघायला मिळत नाही. डिस्ट्रोफिन नाही. संपलं.

वासवी : आणि जेल? त्यातली प्रथिनं फोटोच्या कागदावर उतरवून झाल्यावर जे जेल उरतं, ते निळ्या रंगात टाकायचं असतं, म्हणजे त्यात राहिलेली बाकी सगळी प्रथिनं दिसतात. तुम्ही टाकलं होतंत. बघितलंत का नंतर?

सीतापती : टाकलं होतं. मग दिल्लीची मीटिंग निघाली, आणि...

वासवी : मी बघितलं. आत्ता. झाकणाच्या डब्यात तसंच तरंगत होतं. हे घ्या, धरा उजेडावर. चौथी लेन बघा. सहावी बघा. वरपासून खालपर्यंत निळ्या रेघाच रेघा. आता पाचवी.

सीतापती : रंग चढला नसेल नीट.

वासवी : दोन्ही बाजूंना चढला आणि मध्येच रुसला? सर, एखाद्या मुलाच्या स्नायूत एक प्रथिन नसेल, मान्य. सगळीच कशी नसतील? प्रत्येक स्नायूत असतंच ते मायोसिन नाही, ॲक्टिन नाही, काही म्हणजे काही नाही. मांस होतं ते, की हवा?

सीतापती : आवाज खाली.

वासवी : वर बघा, खाचांकडे. पाचव्या खाचेची भिंत फाटलीय. खाचांतला प्लास्टिकचा कंगवा कसा काढलात तुम्ही?

सीतापती : कसा म्हणजे? काढला. तू मला कंगवा काढायला शिकवणार? आम्ही काचा घासून, हातानं ओतून जेल करायचो. रात्रभरात घट्ट झालं नाही तर सकाळी पुन्हा ओतायचो. तुम्हाला सगळं तयार मिळतं, प्लास्टिकच्या पाकिटात. फोडा आणि लावा.

वासवी : मग पाकिटावर काय छापलंय तेवढं वाचायचं! तुमच्या हातच्या जेलपेक्षा याच्या खाचा नाजूक असतात. कंगवा दोन्ही अंगठ्यांनी, सावकाश, सरळ वर घ्यायचा. तुम्ही सोड्याच्या बाटलीचं बूच उडवल्यासारखा उडवलात. भिंत फाटली, त्या खाचेत तुम्ही नमुना सोडलात आणि तो वरच्या द्रावणात वाहून गेला. जेलमध्ये उतरलाच नाही. तुम्ही नाही म्हणून जे लिहिलंत, ते तिथं कधी गेलंच नव्हतं!

सीतापती : ...बरं. असेल. होतं असं कधीकधी. ओरडून फाटलेली खाच शिवली जाणार आहे का? नमुना शिल्लक आहे?

वासवी : अर्धा मी गोठवून ठेवला होता. म्हणून वाचलात.

सीतापती : मग झालं तर. सवडीनं पुन्हा चालव. काही वेगळं निघालं, तर सुधारित अहवाल पाठवू. गाजावाजा न करता.

वासवी : गाजावाजा? त्या मुलाची आई गेटवर बसून होती, ठाऊक आहे ना? परवापासून येतेय. तुम्हीच सिक्युरिटीला सांगितलंत, आत सोडू नका म्हणून.

सीतापती : नियम आहे तो. पेशंटनं हॉस्पिटलशी बोलायचं. इथं येऊन रडारड करायची नाही. ही प्रयोगशाळा आहे.

वासवी : रडत नाहीये ती. मी तिला आत आणलंय. बाहेर बाकावर बसलीय.

सीतापती : तू काय केलंस? कुणाला विचारून?

वासवी : तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता.

सीतापती : वासवी, डोकं ठिकाणावर ठेवून बोल. तुझा प्रबंध माझ्या टेबलावर आहे. माझी सही व्हायचीय त्यावर.

वासवी : आहे ना. मग वाचा तो. तिसऱ्या प्रकरणात मी लिहिलंय, लेनमध्ये मायोसिन दिसत नसेल तर त्या लेनबद्दल तोंड उघडू नये. तुम्हीच शिकवलेलं वाक्य आहे. पटत नसेल तर नका करू सही. मी तिला बोलावते.

सीतापती : थांब. निदान मला विचार करू दे, तिच्याशी काय...

कनकव्वा : दार उघडंच हाय सारू. तुमचा आवाज बाहेरपातूर येतोय.

सीतापती : या, या अम्मा. बसा. नाव काय तुमचं?

कनकव्वा : कनकव्वा. अंजीची आई. बसायला न्हाई आले. दोन दिस फाटकापाशी बसलेच होते की. तुम्हीच का ते सही करणारे सारू?

सीतापती : हो. मीच.

कनकव्वा : मग मला सांगा, माझ्या रक्तात काय बघितलं तुम्ही?

सीतापती : तुमचं रक्त नाही अम्मा, मुलाचा स्नायू. हा आजार काही वेळा आईकडून मुलाकडे येतो. बाईला स्वतःला त्रास होत नाही, पण तिच्याकडून...

कनकव्वा : ते पाठ झालंय मला. गावातल्या डॉक्टरनं तुमचा कागद आमच्या अंगणात वाचला. सासू होती, जाऊ होती, बिड्या वळायला आलेल्या साऱ्या बाया होत्या. त्यानं कागद वाचला आन् आपल्या मनानं पुढं जोडलं, हे आईच्या अंगातून येतं, बापाकडून न्हाई. सासूनं हातातलं सूप खाली ठेवलं. त्याच दिशी मला आन् लेकराला माहेरी घालवलं. नवरा दुबईत हाय. त्यानं फोनवर आवाज भरून पाठवला. ऐकायचाय?

वासवी : नको अक्का.

कनकव्वा : ऐका की. ‘तू तिकडंच ऱ्हा.’ एवढंच. इतक्या वर्सांत त्यानं मला एवढं थोडक्यात कधी सांगितलं न्हाई. धाकट्या बहिणीचं, मौनिकाचं, जमलं होतं. पान-सुपारी झाली होती. त्यांनी बी मोडलं. एकाच आईच्या पोरी, म्हणले. तर मी म्हणलं, ज्या सारूनं माझ्यात बघितलंय, त्यानं मला बी दाखवावं. म्हणून आले.

सीतापती : हे फार वाईट झालं अम्मा. आम्हाला कल्पना नव्हती. तसं आहे की, त्या चाचणीत थोडी तांत्रिक अडचण आल्याचं आमच्या लक्षात आलंय. त्यामुळे निष्कर्षाबाबत फेरविचार करण्याची...

कनकव्वा : अक्का, काय बोलून राहिले हे?

वासवी : मी नाही सांगणार. सर, तिला कळेल असं बोला.

सीतापती : वासवी...

वासवी : तिच्या अंगणात सगळ्यांना कळेल अशा भाषेत वाचलं गेलं ना? तशाच भाषेत सांगा.

सीतापती : ...अम्मा, माझ्या हातून चूक झाली. तुमच्या मुलाचा नमुना मी नीट घातला नाही. तो वाहून गेला. ती जागा रिकामी राहिली आणि मला वाटलं, मुलाच्या अंगातच ते नाही.

कनकव्वा : म्हणजे बघितलं काय तुम्ही?

सीतापती : रिकामी जागा.

कनकव्वा : रिकामी जागा.

सीतापती : हो.

कनकव्वा : माझ्या लेकराची मांडी कापली. भूल उतरल्यावर ते ‘अम्मा, अम्मा’ करत माझा पदर चावत होतं. ते मांस तुम्ही सांडलं. सांडलं ते सांडलं, वर रिकाम्या जागेकडं बघून माझं नाव लिहिलं!

सीतापती : तुमचं नाव नव्हतं लिहिलं अम्मा, फक्त...

कनकव्वा : फक्त काय? आमच्याकडं भांडं रिकामं दिसलं तर बाई आधी विचारते, कुणी सांडलं? तुम्ही एवढे शिकलेले. तुम्हाला ते बी सुचलं न्हाई?

सीतापती : सुचायला हवं होतं.

कनकव्वा : मग आता पुन्हा कापायची म्हणाल मांडी. मी कापू द्यायची न्हाई. सांगून ठेवते.

वासवी : कापायची गरज नाही. थोडं मांस मी बर्फापेक्षा थंड जागी ठेवलंय. आजच पुन्हा चालवते. आत्ता, तुमच्यासमोर. उद्या कळेल.

कनकव्वा : काय चालवते?

वासवी : जेल.

कनकव्वा : जेल? जेलात कुणाला घालायचं ते मी सांगते तुला अक्का.

वासवी : ते जेल नाही हो. हे बघा, हे. खरवसाच्या वडीसारखं, पण काचेसारखं आरपार. याच्या वरच्या खाचांत मांसाचा अर्क घालायचा आणि वीज सोडायची. वीज सगळ्यांना खाली ओढते. बारीक कण पुढे पळतात, मोठे मागे राहतात. आपल्याला हवंय ते प्रथिन सगळ्यांत अवाढव्य, ते अगदी वरच अडकतं. तिथं रेघ उमटली, म्हणजे आहे.

कनकव्वा : आन् न्हाई उमटली तर?

वासवी : तर या वेळी मी आधी बघेन, कुणी सांडलं का.

सीतापती : दे, मी पाकीट फोडतो.

वासवी : हात लावू नका.

सीतापती : वासवी, ही माझी प्रयोगशाळा आहे!

वासवी : आणि हे तिच्या मुलाचं मांस आहे. उरलेलं सगळं. तुम्हाला काही करायचंच असेल, तर पाकिटातला तो कागद घ्या आणि वाचा. मोठ्यानं.

सीतापती : तू माझी चेष्टा करतेयस.

कनकव्वा : वाचा सारू. माझ्या अंगणात बी एकानं वाचलाच की.

सीतापती : ...‘पाकीट कापून प्लास्टिकची चौकट बाहेर काढा.’

वासवी : काढली. पुढे.

सीतापती : ‘तळाची चिकटपट्टी ओढून काढा. ती राहिल्यास वीज वाहणार नाही.’

वासवी : काढली. बघा अक्का, ही.

सीतापती : ‘कंगवा दोन्ही अंगठ्यांनी, एकसारखा जोर लावून, सावकाश सरळ वर काढा. खाचांच्या भिंती फाटणार नाहीत याची...’

वासवी : का थांबलात?

सीतापती : ‘...याची काळजी घ्या.’

वासवी : निघाला. मोजा अक्का, सगळ्या खाचा उभ्या आहेत ना? एकही वाकडी नाही?

कनकव्वा : उभ्या हायेत. बारक्या पोराच्या दातांसारख्या.

सीतापती : ‘खाचा द्रावणानं धुऊन घ्या.’ हे मी केलं नव्हतं.

वासवी : ठाऊक आहे. आता कुणी बोलू नका. हा अंजीचा. एका खाचेत अर्धा... आणि दुसरीत अर्धा. दोन जागी घातलाय, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी साक्ष देईल.

कनकव्वा : निळं काहून दिसतंय? मांस तर लाल असतंय.

वासवी : त्यात रंग मिसळलाय आणि जड द्रव मिसळलाय, म्हणजे ते खाली बसतं. दिसतंय? बसलं. उडालं नाही. आता झाकण. लालला लाल वायर, काळ्याला काळी. सुरू.

कनकव्वा : बुडबुडे येतायत.

वासवी : ते आले पाहिजेत. सुरू झालंय. जेवलात का? डब्यात पुलिहोरा आहे, लग्नघरचा चिंचेचा भात.

कनकव्वा : नको अक्का. तुझ्यावर राग न्हाई, पण या खोलीतलं मी आज काही खाणार न्हाई.

सीतापती : अम्मा, संस्थेचं पाहुण्यांचं घर आहे. रात्री तिथं राहा. मी सांगून ठेवतो.

कनकव्वा : पाहुणी न्हाई मी तुमची. माझ्या मामेबहिणीची खोली हाय उप्पलला. सकाळी येते. फाटकावर सांगून ठेवायचं असेल तर तेवढं ठेवा.

(दुसऱ्या दिवशी, त्याच खोलीत, तिघेही.)

वासवी : आधी हे बघा सर. निळं जेल. तुम्हीच बघा आधी.

सीतापती : मायोसिन आहे. दोन्ही लेनमध्ये. ठसठशीत.

वासवी : म्हणजे नमुना उतरलाय. आता हा फोटो. अक्का, तुम्ही इकडे या, पुढे. ही निरोगी माणसाची रेघ. ही शेजारची अंजीची. आणि ही पुन्हा अंजीचीच.

कनकव्वा : तिन्ही सारख्याच दिसतायत.

वासवी : सारख्याच आहेत.

कनकव्वा : म्हणजे हाय?

सीतापती : आहे अम्मा. पुरेपूर आहे, आणि योग्य जागी आहे. मी जो आजार लिहिला, तो तुमच्या मुलाला नाही.

कनकव्वा : हातात द्या तो फोटो. एवढीशी रेघ? उदबत्तीच्या काडीएवढी बी न्हाई. हिच्यासाठी मी घराबाहेर.

वासवी : बसा अक्का. खाली बसा.

कनकव्वा : मग लेकरू पडतंय काहून? भिंत धरून उठतंय काहून?

सीतापती : ते अजून ठाऊक नाही. दुसरे आजार असतात असेच. काही याच्यापेक्षा हळू वाढतात. त्यासाठी पुढच्या तपासण्या कराव्या लागतील, रक्ताच्या. तो बरा आहे असं मी म्हणू शकत नाही. आज फक्त एवढंच म्हणू शकतो, की हा नाही.

कनकव्वा : आन् ते दुसरे कुणाकडून येतात?

सीतापती : बरेचसे आई आणि बाप दोघांकडून. दोघांनी थोडं थोडं दिलं तरच. काही कुणाकडूनच नाही, आपोआप.

कनकव्वा : दोघांकडून! आता दुबईला काय आवाज भरून पाठवू?

सीतापती : मी नवा अहवाल लिहिलाय. शिक्का मारलाय. जुना रद्द, आणि चूक प्रयोगशाळेची, असं स्पष्ट नमूद केलंय. हॉस्पिटललाही पाठवला. हा घ्या.

कनकव्वा : ‘प्रयोगशाळेची’? प्रयोगशाळेला हात हायेत का सारू?

वासवी : सर.

सीतापती : ...दे तो इकडे. माझं नाव घालतो.

कनकव्वा : घाला. पण या कागदानं काय होणार हाय? हा घेऊन मी अंगणात उभी राहीन, तर सासू म्हणेल, शहरात जाऊन कुणाकडून तरी लिहून आणला. पहिला कागद साऱ्यांना खरा वाटला, कारण तो माझ्या विरुद्ध होता. हा कोण खरा मानणार? तुम्ही चला.

सीतापती : कुठे?

कनकव्वा : माझ्या सासरी. अंगणात. त्याच बायांसमोर. तोंडानं सांगा.

सीतापती : अम्मा, ते शक्य नाही. मी असा गावोगाव... माझं पद, संस्थेचे नियम. फोन लावून देतो हवं तर. तुमच्या सासूबाईंशी आत्ता बोलतो.

कनकव्वा : फोनवर आमची सासू ‘बरं सारू, बरं सारू’ म्हणेल आन् ठेवून देईल. शेजारच्या बायांना काय ऐकू येणार?

सीतापती : आणि तिथं लोक माझ्या अंगावर आले तर?

कनकव्वा : माझ्या अंगावर आले तवा मी एकटीच होते.

वासवी : मी येते बरोबर. गाडी मी चालवते.

सीतापती : तू गप्प बस. कालपासून तूच चालवते आहेस सगळं.

वासवी : हो. कारण तुम्ही चालवलेलं आपण बघितलंय.

सीतापती : किती बोलशील वासवी? किती? काल दिवसभर मी कागद वाचला तुझ्यासमोर. शाळेतल्या पोरासारखा. तीस वर्षं याच खोलीत काढली मी. वाटलं होतं, एकदा स्वतःच्या हातानं करावं, कुणाचं तरी काम लवकर व्हावं. वाईट हेतूनं नाही केलं गं मी.

वासवी : ठाऊक आहे सर. म्हणूनच इतका राग आला. तुम्ही वाईट असता, तर मी नुसती तक्रार लिहून मोकळी झाले असते.

कनकव्वा : मला एक विचारायचंय. दोघांनाबी.

सीतापती : विचारा.

कनकव्वा : समजा, सांडलं नसतं. समजा, खरंच न्हाई निघालं असतं माझ्या लेकराच्या अंगात. खरंच माझ्याकडून आलं असतं. मग मला घालवलं ते बरोबर झालं असतं का?

सीतापती : नाही अम्मा. नसतं झालं.

कनकव्वा : हे बी अंगणात सांगाल?

सीतापती : ...सांगीन.

कनकव्वा : आधी हेच सांगा. रेघेचं नंतर.

वासवी : गाडी काढते मी. वाटेत अंजीला घ्यायचं का, माहेरून?

कनकव्वा : नको. त्याला आजीपाशीच राहू दे. त्यानं पुन्हा ते अंगण बघायला नको.

सीतापती : मग तुमचं सामान? सासूबाईंनी घरात घेतलं, तर आजच राहायचं म्हणाल. कपडे वगैरे बरोबर लागतील.

कनकव्वा : काही लागत न्हाई. तुम्ही उतरा आन् बोलून या सारू. मी गाडीतच बसून राहीन.